हौसेचा रकाना

९ नोव्हेंबर

ठकूबाई,

आशीर्वाद नेहमीचेच, ते धरून चाल. पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन न करता लिहितेय कारण या घरात फोन हा सार्वजनिक कार्यक्रम झालाय. आपल्याला कमी ऐकू येतं हे तुझ्या बाबांना मान्य नाही. म्हणून फोन आला की तो स्पीकरवर टाकायचा आणि पेपर वाचत असल्याचं नाटक करत समोर बसायचं. तुझा फोन असला की पेपरचं पानसुद्धा उलटत नाहीत. मग आपण दोघी काय बोलणार? हवा कशी आहे आणि भाजी काय केलीस.

तर बातमी अशी, की तुझे बाबा घरामागे स्विमिंग पूल बांधताहेत.

हवं तर पुन्हा वाच. मीही त्यांना दोनदा विचारलं होतं. हा माणूस आयुष्यभर सरकारी खात्यात बसून दुसऱ्यांच्या टाक्यांची, रस्त्यांची आणि शाळांची अंदाजपत्रकं करत होता. घरातला गळका नळ बदलायचा तर तीन दुकानांतून भाव काढणार, आणि तोवर खाली बादली. त्यांनी परवा चहा पिता पिता सांगितलं, "मागे जागा पडून आहे. पूल केला तर घराची किंमत वाढेल." मी म्हटलं, घर विकायचंय का? तर म्हणाले, "विकायचं कशाला? किंमत वाढेल म्हटलं."

एक नकाशावाली मुलगी येऊन गेली. चुणचुणीत आहे, मला काकू म्हणते. तिनं वळणावळणाचा, कोपऱ्यात छोटा धबधबा असलेला आकार काढून आणला होता. हल्ली चांगल्या घरांत असेच पूल करतात म्हणे. बाबांनी तो कागद बाजूला सारला आणि सांगितलं, सरळ हवा, लांबी पंचवीस मीटर. ती म्हणाली, "काका, एवढी लांबी बसवायची तर मागची कोठीची खोली पाडावी लागेल." हे म्हणाले, पाडू. "आणि पाण्याची खोली दोन्ही टोकांना सारखी? घरच्या पुलात एक बाजू उथळ ठेवतात." हे म्हणाले, दोन्ही टोकांना खोल. मग तिनं विचारलं की दोन्ही टोकांपासून पाच-पाच मीटरवर हे खांब कसले, दिव्यांचे का? तेव्हा तुझ्या बाबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "झेंड्यांच्या दोरीचे. उताणं पोहणाऱ्याला भिंत दिसत नाही. डोक्यावरून दोरी गेली की कळतं, भिंत आली."

मी चहाचे कप उचलून आत गेले, आणि आत जाऊन नुसती उभी राहिले.

पाच वर्षांत या माणसानं तुझं नाव घेतलेलं नाही. पण त्यांचे ते तीन रकाने आठवतात ना? प्रत्येक अंदाजपत्रकात एक ‘लागणारच’, दुसरा ‘लागेल’ आणि तिसरा ‘हौस’. खांब त्यांनी पहिल्या रकान्यात घातलेत, ‘लागणारच’मध्ये.

ठकू, तुला फिट येतात हे या घरात फक्त मला माहीत आहे, आणि तू मला तुझी शपथ घालून ठेवली आहेस. "रागावलेले बाबा चालतील, कीव करणारे नकोत," म्हणाली होतीस. निवड चाचणीच्या तोंडावर तू पोहणं का सोडलंस हे त्यांना कळलं नाही, म्हणून ते तुला फाटकात उभं करून भित्री म्हणाले आणि तू त्याच पावली निघून गेलीस. मी गप्प बसले. पण तेव्हा मागे नुसतं गवत होतं. आता हा माणूस स्वतःच्या हातानं तिथं पाणी भरणार आहे आणि त्यात तुला बोलावणार आहे.

तू त्यांना दोन ओळी लिही. नाहीतर मला शपथेतून सोडव. दोन्हीपैकी काहीतरी कर, पण लवकर.

तुझी,
आई

---

२७ नोव्हेंबर

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. त्याला पत्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही. "आई, कुणालाही काही सांगायचं नाही. बांधायचाय तर बांधू देत. मी येणार नाही, म्हणजे प्रश्न मिटला." मागच्या बाजूला बर्फाच्या डोंगराचा फोटो. डोंगर छान आहे.

तुझा प्रश्न मिटला असेल, माझा नाही. या पुलासाठी आमच्या ठेवी मोडायच्या आहेत. त्या संपल्यावर बाजारातला गाळा आहे, ज्याच्या भाड्यावर आमची चूल पेटते. आणि हे सगळं कुणासाठी, तर जी येणार नाही तिच्यासाठी. ती आली तर त्याहून वाईट. तेव्हा मी एक ठरवलंय. सांगायचं नाही ना? ठीक आहे, सांगत नाही. पण हा पूल मी होऊ देणार नाही, आणि तो त्यांच्याच नियमानं मोडेन.

त्यांचा नियम तुला पाठ असेल. हौसेची बेरीज ‘लागणारच’च्या बेरजेवर गेली की काम रद्द. खात्यात साहेबांसमोरही त्यांनी हा नियम सोडला नाही, म्हणून तर बढती रखडली. याच नियमापायी आपल्या घराला झोपाळा मिळाला नाही आणि मला शिवणाचं नवं मशीन मिळालं नाही. चाळीस वर्षं ज्यानं माझ्या हौशी खाल्ल्या, तो नियम एकदा माझ्या कामी येऊ दे.

म्हणून काल मी म्हटलं, "अहो, करायचाच तर नीट करू. लोकांनी नावं ठेवायला नकोत." त्यांनी पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी पाहुणी आली आहे.

आम्ही दोघं आणि नकाशावाली फरशांच्या मोठ्या दुकानात गेलो. तिनं साध्या निळ्या टाइल्स दाखवल्या. बाबांनी मान डोलावली. मी नाक मुरडलं. मग काचेच्या बारीक बारीक चौकोनांची जाळी दाखवली. नखाएवढे तुकडे, कारागिरानं एकेक बसवायचे, आणि किंमत साध्या फरशीच्या सहापट. मी म्हटलं, हीच. दुकानदारानं ताबडतोब आमच्यासाठी थंड पेयं मागवली. नकाशावाली माझ्या कानात म्हणाली, "काकू, बजेट?" मी मोठ्यानं म्हटलं, "आयुष्यात एकदाच बांधतोय गं."

खोटं कशाला बोलू, मजा आली. भाजीच्या ठेल्यावर कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी तुझी आई काल मखमलीच्या खुर्चीत बसून "ह्यात अजून वरचं काही नाही का?" असं विचारत होती. परतताना गरम पाण्याची सोयही मागितली, म्हणजे थंडीतही पोहता येईल. त्याची किंमत ऐकून तर मी पोहून आल्यासारखी घामानं भिजले.

काल ‘हौस’ बरीच फुगली. अजून थोडी कमी आहे.

आई

---

२० डिसेंबर

ठकू,

तुझं उत्तर नाही. मी लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं हे नाही. तुझी आत्या एरवी माझ्या पोटातलं ओठावर आणते, पण तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत तिच्या भावाच्या कानात जाईल.

आज ठेकेदार आला होता, सोबत नकाशावाली. पांढरा शर्ट, मोजकं बोलणं. त्यानं समजावलं, की पुलाचे पैसे दिसणाऱ्या गोष्टींत कमी जातात आणि न दिसणाऱ्यांत जास्त. जमीन तपासायची, खणलेली माती गाडीनं दूर नेऊन टाकायची, सळया, काँक्रीट, पाणी झिरपू नये म्हणून लेप, जमिनीखालचे पाइप, पंप, गाळणी. हे सगळं पुरून टाकायचं आणि वर फरशी लावायची. लोक फरशी बघून वाहवा करतात. शिवाय दर वर्षी औषधं, वीज आणि साफ करायला येणारा माणूस. बाबा लिहून घेत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. बऱ्याच वर्षांनी त्यांना कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलणारं भेटलं होतं.

"शेवटी पंधरा टक्के वेगळे काढा," ठेकेदार म्हणाला.

"वीस काढलेत," हे म्हणाले.

ठेकेदार खूश. मग मी तोंड उघडलं. "पाणी काठोकाठ भरून बाहेर सांडतं ना, ते हवं. आरशासारखं दिसतं ते." नकाशावालीनं समजावलं, की त्यासाठी सांडलेलं पाणी धरायला जमिनीखाली आणखी एक टाकी लागते आणि पंप मोठा लागतो. मी म्हटलं, लावा. "आणि झाकण हवं. बटण दाबलं की आपोआप सरकणारं." पाण्यातले दिवे. काठाला दगड, तोही अनवाणी पायाला न भाजणारा. ठेकेदार म्हणाला, "ताई, तुमची आवड मोठी आहे." आवड कसली, जीव जातोय माझा.

ती मंडळी गेल्यावर बाबा बेरजा घेऊन बसले आणि मी ओट्यापाशी कान देऊन. मी मनात आधीच बेरीज केली होती. हौस वर गेली आहे, चांगलीच वर गेली आहे. उद्या सकाळी ते चष्मा काढतील आणि म्हणतील, "नाही गं जमत." मी थोडं तोंड पाडीन. मग घर पूर्वीसारखं.

उद्या लिहिते.

आई

---

२१ डिसेंबर

ठकू,

काम रद्द झालं नाही.

सकाळी त्यांनी तक्ता माझ्यासमोर ठेवला. हौसेच्या रकान्यात काही नव्हतंच. काचेचे तुकडे, गरम पाणी, झाकण, दिवे, दगड, ती दुसरी टाकी, सगळं उचलून त्यांनी ‘लागणारच’मध्ये नेऊन बसवलं होतं. त्यांच्या त्याच टपोऱ्या अक्षरात.

मी म्हटलं, "अहो, हे इकडे कसं आलं? ही तर हौस आहे."

"तुला हवंय ना?"

"हो, पण..."

"मग हौस कशी?" ते म्हणाले. "उगाच काहीतरी." आणि गाळ्याचे कागद शोधायला उठले.

ज्या नियमासाठी त्यांनी बढती घालवली तो त्यांनी माझ्यासाठी मोडला, ठकू. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मी ते सगळं त्यांना अडवायला मागितलं होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. साधा पूल होणार होता, मी त्याचा राजवाडा करून ठेवला. आता ठेवींवर भागत नाही, गाळाही विकावा लागणार. हे त्यांनी केलं नाही, मी केलं.

---

१८ जानेवारी

ठकू,

खोदाई सुरू झाली आहे. कोठीची खोली गेली. तिच्यातले तुझे कप आणि पदकं बाबांनी स्वतः पुसून आतल्या कपाटात लावली. मला हात लावू दिला नाही. गाड्या भरभरून माती बाहेर जाते आहे. मागचं दार उघडलं की दोन पावलांवर खड्डा सुरू होतो आणि खाली बघवत नाही इतका खोल आहे. शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "तुमच्यात पोहतं कोण आता?" मी म्हटलं, आम्ही दोघं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बहुधा आम्हा दोघांना पोहण्याच्या कपड्यांत डोळ्यासमोर आणून बघत असाव्यात.

मधे खाली पाणी लागलं आणि काम थांबलं. ते उपसून काढायला पंप, निचऱ्याला खडीचा थर. बाबांचे वीस टक्के अर्धे तिथंच गेले. पण ते चिडले नाहीत. हल्ली ते चिडतच नाहीत.

मागच्या पत्रांत तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. फरशीच्या दुकानातून परतताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता. घर येईपर्यंत सोडला नाही. आणि आता ते सकाळी उठून खड्ड्यापाशी जातात, आत येऊन मला सांगतात आज काय होणार, संध्याकाळी काय झालं ते सांगतात. तू गेल्यापासून आम्ही दोघं या घरात भाडेकरूंसारखे राहत होतो. तू घर कुणामुळे सोडलंस यावर आमचं भांडणसुद्धा कधी झालं नाही, इतकं बोलणं संपलं होतं. आता बोलणं सुरू झालंय, तेही एका खड्ड्यावरून. हा पूल मोडावा असं मला वाटतं, आणि तो मोडला की हेही संपेल अशी भीतीही वाटते. माझ्या मनाचं काय झालंय ते तूच सांग.

काल पहिल्यांदा त्यांनी तुझा विषय काढला. नाव घेतलं नाही. म्हणाले, "फोटो पाठवायचा का तिला? पाणी भरल्यावर?"

मी म्हटलं, कशाला?

"बघेल. पाण्यावर किती दिवस रागावून राहील? तिला पाण्याशिवाय करमत नाही. माझ्यावर राग आहे, तो राहू दे. मी तेवढा वेळ गच्चीत जाऊन बसेन." आपल्याला गच्ची नाही हे ते विसरले होते.

माझ्या तोंडाशी आलं होतं. तुझी शपथ आडवी आली. पुढच्या महिन्यात सळयांची जाळी बांधून होईल आणि मग तिच्यावर नळीनं काँक्रीट मारतील, सगळं एका दिवसात. ठेकेदार म्हणतो, त्यानंतर मागे फिरता येत नाही. त्याच आठवड्यात गाळ्याच्या विक्रीच्या कागदांवर सह्या आहेत. गाळा दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे माझीही सही लागणार.

ठकू, त्याआधी लिही गं. हात जोडते.

आई

---

११ फेब्रुवारी

तुझं पत्र आज आलं. हे गाळ्याच्या गिऱ्हाइकाकडे गेलेत तेवढ्यात लिहिते.

तुझं म्हणणं नीट समजलं का ते बघ. आठ महिन्यांत फिट आलेली नाही. गोळ्या लागू पडल्या आहेत. तेव्हा पूल झाला की तू येणार, एकदा पाण्यात उतरणार, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहून दाखवणार आणि परत जाणार. "एका फेरीनं त्यांचं समाधान होईल आणि तुझंही ओझं उतरेल."

माझं ओझं!

अगं, तुला अक्कल आहे का? पोहताना आली तर? तू उताणी पोहणार. बाबा लांब कुठेतरी लपून बघत बसणार, कारण तुला त्यांचं तोंड बघायचं नसेल. म्हणजे काठावर मी एकटी. आणि मला पोहता येत नाही. बारा वर्षं तुझे टॉवेल वाळवले, पण मी कधी घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही. तू बुडायला लागलीस तर मी काय करू? बटण दाबून झाकण लावू?

तुझ्या डॉक्टरनं एकटीनं पोहायला परवानगी दिली आहे का? तसं तू कुठं लिहिलेलं नाहीस. दिली असती तर पहिल्या ओळीत लिहिलं असतंस. मी आई आहे तुझी.

मला तुम्हा दोघांचा संताप येतो. तो तुझ्यासाठी न बोलता गाळा विकायला निघालाय आणि तू त्याच्यासाठी न बोलता जीव द्यायला निघाली आहेस. मधे मी, तोंडाला कुलूप लावून. माझी शपथ घातली असतीस तर मी केव्हाच मोडली असती. तुझी आहे म्हणून पाळली. पण शपथ पाळून तुला काही व्हायचं असेल, तर शपथ मोडून काय व्हायचं ते होऊ दे.

हे पत्र तुला पोचेपर्यंत मी त्यांना सांगितलेलं असेल. तुझी परवानगी मागत नाही.

---

१५ फेब्रुवारी

ठकू,

सांगितलं.

परवा दुपारी सांगितलं. कामगार जेवायला बसले होते. सळयांची जाळी बांधून झाली होती, दुसऱ्या दिवशी काँक्रीट. बाबा खाली उतरून टेपनं दोन सळयांमधलं अंतर तपासत होते. ठेकेदारानं तपासलेलं ते पुन्हा तपासतात. मी शिडीवरून खाली उतरले. कशी उतरले ते विचारू नकोस, साडी दोनदा अडकली. मला बघून ते हसले. म्हणाले, "आलीस? बघ, इथून काठ केवढा उंच दिसतो."

मी म्हटलं, "तिला फिट येतात."

त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं, त्या खड्ड्यात उभं राहून, अगदी ओरडून. "ठकूला फिट येतात हो! म्हणून सोडलं तिनं पोहणं."

टेप हातातून सुटला आणि सर्रकन आपल्या डबीत गेला. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही तिला बोललात, त्याच्या आधीपासून."

ते खाली बसायला लागले. मी म्हटलं, "अहो, सळया टोचतील." तरी बसले. मला वाटलं, आता माझ्यावर उखडतील. पाच वर्षं लपवलंस म्हणतील. मी तयारच होते, मला ते हवंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या टोकाकडे.

"दोन्हीकडे खोल ठेवला मी," ते म्हणाले. "ती नकाशावाली सांगत होती, एक बाजू उथळ ठेवा. मी ऐकलं नाही."

एवढंच. पुन्हा पुन्हा तेच. मग वरून ठेकेदारानं हाक मारली, "साहेब, उद्या सकाळी लवकर मशीन लावतो." ते उठले, शिडीचे दांडे धरून सावकाश वर आले आणि म्हणाले, "उद्या नको."

गाळ्याचे कागद आले तेव्हा त्यांनी सही केली नाही. मलाही करू दिली नाही.

आज सगळा दिवस ते आतल्या खोलीत आहेत. जेवणाचं ताट मी ठेवते आणि तसंच उचलते. हे असंच व्हायचं होतं का, मला कळत नाही. तुला राग आला असेल. येऊ दे. मला फक्त एवढं कळव की तू पोहायला येणार नाहीस.

आई

---

१९ मार्च

ठकू,

तुझ्याकडून काही नाही. फोन केला तर तू उचलत नाहीस. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं दोनदा उचलला. तब्येत बरी आहे, कामाला जाते, एवढं सांगितलं. बिचारीचा आवाज इतका अवघडलेला होता की तू शेजारीच उभी असणार. तू बोलू नकोस माझ्याशी. मी शपथ मोडली, ती शिक्षा मला मान्य आहे. पण मी पुन्हा हेच करीन, हेही तुला आत्ताच सांगून ठेवते.

इकडचं सांगते. बाबा खोलीतून बाहेर आले ते थेट ठेकेदाराकडे गेले आणि खड्डा बुजवायला सांगितला. ठेकेदाराला वाटलं, पैसे कमी पडले. म्हणाला, "साहेब, हप्त्यानं द्या." नकाशावाली धावत आली. तिला बाबांनी खरं कारण सांगितलं. तिनं उथळ पूल सुचवला, कंबरेएवढ्या पाण्याचा, धरायला कठडा. फार प्रेमानं समजावत होती. "काका, फिट येणाऱ्यांनाही कुणीतरी सोबत असलं की..." बाबांनी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको. तिला बघून वाटायला नको की इथं काहीतरी तिच्यासाठी केलंय आणि तिला ते जमत नाही."

मी ते दारातून ऐकलं. ठकू, त्यांच्याकडे कीव नाही गं. तू उगाच घाबरलीस.

सळया कापून काढल्या, भंगारात गेल्या. आपलीच माती गाड्या भरून बाहेर टाकली होती, आता माती विकत आणावी लागली. ठेवी गेल्या त्या गेल्या, त्यावर मी एक दिवस रडून घेतलं. गाळा वाचला, तेवढ्यावर भागेल. माझी काचेची नक्षी त्या दुकानदारानं परत घेतली नाही. पलंगाखाली खोकी आहेत, चालताना अंगठा आपटतो.

माती एकदम लोटून देता येत नाही, हे मला आत्ता कळलं. एकदम लोटली तर वरून भरल्यासारखी दिसते आणि आतून बसत जाते. थोडी टाकायची, पाणी मारायचं, ठोकायची, मग वरचा थर. बाबा टोपी घालून तिथं उभे असत. एक थर त्यांना नीट वाटला नाही, तर उकरून पुन्हा करायला लावला. कामगार वैतागले. त्यांच्या मते हे साहेब डोक्यानं गेलेले आहेत. मी त्यांना जास्तीचा चहा दिला.

आणि मला विचारतात. जेवताना, भाजी निवडताना, मधेच. कशी येते? आधी कळतं का? हातपाय धरायचे का? मी सांगितलं, धरायचं नाही, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि शेजारी थांबायचं. "थांबायचं म्हणजे नुसतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, नुसतं. त्या दिवशी तू फाटकातून निघालीस तेव्हा ते तिथंच थांबले असते तर, असं काहीतरी मला वाटून गेलं. त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. आमचं बोलणं बंद पडलेलं नाही, एवढं मात्र खरं. मला भीती होती ती खोटी ठरली.

हे पत्र मी लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे. आधीचीही सांगितली. पाकीट बंद करायच्या आधी दे म्हणाले, मला दोन ओळी लिहायच्या आहेत. घेऊन बसले. मघापासून बसलेत. पहिल्यांदा काहीतरी लिहिलं आणि ते खोडलं, मग दुसरा कागद मागितला. मी वाचलेलं नाही. तसाच आत घालते आहे.

आई

(सोबतच्या कागदावर)

मागचा खड्डा बुजवला आहे. थरा-थरानं, पाणी मारून, ठोकून घेतला. मी स्वतः उभा होतो. वर पाऊस झाला तरी बसणार नाही. रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघतो. कुठेही खचत नाही.

तू ये. मी तिथंच थांबेन.

बाबा